माळवद पाडायचं की ठेवायचं? आधी तुळयांची टोकं बघा

"वडिलांनी जेसीबी सांगून ठेवलाय" हे वाक्य मी वर्षातून दहा घरांत तरी ऐकतो. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना पुढचं सगळं घर डोळ्यांसमोर आलं. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: धाराशिव जिल्ह्यातलं गाव, आजोबांच्या वेळचं सात खणांचं माळवद, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा), सप्टेंबर २०२५च्या पावसात मागची भिंत ढासळली. वडिलांना ते पाडून स्लॅबचं घर हवंय. तुम्ही पुण्यात असता, मातीची घरं पर्यावरणाला चांगली असं तुमच्या वाचनात आलंय, म्हणून तुम्हाला ते होतं तसंच पुन्हा उभं करायचंय. धाकटा भाऊ म्हणतो, "किल्लारी विसरलास का?" आणि तुम्ही विचारताय, तिघांत बरोबर कोण.

तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण आधी भावाचं ऐकू.

मी डिप्लोमा करून पहिली नोकरी धरली ती १९९४ साली, भूकंप पुनर्वसनाच्या कामावर सुपरवायझर म्हणून. तेव्हापासून लातूर, धाराशिव, सोलापूर याच पट्ट्यात कामं करतोय. पहिली दहा-बारा वर्षं निव्वळ सिमेंटची कामं केली, माती-चुन्याकडे नंतर वळलो. सांगायचं कारण, मातीचं प्रेम मला वारशाने आलेलं नाही. माझी तिच्याशी पहिली ओळख झाली ती ढिगाऱ्यांत.

किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटपून माणसं नुकती झोपली होती. भूकंप ६.२ रिश्टरचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी हजारो माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता, त्यामुळे घर बांधताना भूकंपाचा विचार कुणी केलाच नव्हता. माणसं मेली ती घरांखाली, आणि ती घरं जवळपास सगळी दगड-मातीची होती. तेव्हा "पारंपरिक म्हणजे चांगलं" असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मला आधी ते ढिगारे आठवतात.

पण त्याच ढिगाऱ्यांत एक गोष्ट शिकायला मिळाली. पडलेली भिंत आडवी झाली की तिच्या पोटात काय होतं ते दिसतं. अडीच फूट रुंदीची भिंत, बाहेरून बऱ्यापैकी घडवलेला दगड, आतून ओबडधोबड, आणि मधल्या पोकळीत कपऱ्या, गोटे, चिखल. म्हणजे ती एक भिंत नव्हतीच. मधे भुसा भरल्यासारख्या दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या. हादरा बसला तशी एक बाहेर गेली आणि एक आत, माणसांवर. जुन्या, हात राखून न केलेल्या कामात असं नसायचं. तिथे दर दोन-तीन फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घातलेला असायचा. इंजिनिअर त्याला थ्रू-स्टोन म्हणतात. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. पण असा लांब दगड काढायला, घडवायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. घरं वाढत गेली, पैसा तेवढाच राहिला, गवंड्याला उरकायची घाई, आणि तो दगड हळूहळू गळाला. बाहेरून भिंत तशीच दिसायची.

दुसरं वजनाचं. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. कोरडी असली तरी साडेचार-पाच टन. चांगला वाढलेला हत्ती म्हणा. दर साली जुनी माती न काढता वर नवी टाकत गेलं की तीस वर्षांत फुटाचे दोन फूट होतात, आणि पावसात भिजल्यावर आणखी जड. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅबचं वजन साधारण तीन टन भरतं. लोकांना हे खरं वाटत नाही. माती हलकी आणि सिमेंट जड असं मनात बसलेलं असतं. भूकंपात जितकं वजन डोक्यावर, तितका धक्का मोठा.

म्हणून "होतं तसंच" बांधू नका. त्यापुरता भाऊ जिंकला.

आता वडिलांच्या स्लॅबकडे. त्यांना स्लॅब का हवा हे मला ठाऊक आहे, मी त्यांच्याच वयाच्या माणसांशी रोज बोलतो. पावसात गळत नाही, दरवर्षी वर चढावं लागत नाही, मुलीच्या सासरची माणसं आली तर बरं दिसतं, आणि बँक कर्ज देते. यातलं एकही कारण मूर्खपणाचं नाही. पण मे महिन्यात रात्री अकरा वाजता त्यांना शेजारच्या स्लॅबच्या घरात न्या आणि स्टुलावर चढून छताला हात लावायला सांगा. हात पटकन मागे येतो. पाच इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून ती धग खाली सोडत बसतो, नेमकी माणसं आडवी होतात तेव्हा. मग पंखा, मग कूलर, मग एसी. फूटभर मातीतून दुपारचं ऊन खालपर्यंत उतरायलाच दहा-बारा तास लागतात. तोवर पहाट झालेली असते आणि बाहेरची हवा गार असते. हवामानबदलाच्या चर्चेत आपण बहुतेक वेळा घर बांधताना जळणाऱ्या कोळशाबद्दल बोलतो, पण आमच्या पट्ट्यात ते घर पुढची चाळीस वर्षं किती विजेवर जगणार हा हिशेब जास्त मोठा आहे.

बांधतानाचाही हिशेब बघू. सिमेंटचा दगड भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून येतच नाही, चुनखडी फुटते तेव्हा दगडातूनच सुटतो. त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो भाग राहतोच. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. तुमच्या दहा बाय दहाच्या स्लॅबला आठ-नऊ पोती सिमेंट, म्हणजे ढोबळ मानाने तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड, लोखंड वेगळं. आणि पाणी. स्लॅबवर आळी करून किमान सात ते दहा दिवस पाणी साठवायचं, आमचे गवंडी एकवीस सांगतात. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात माझे दोन स्लॅब अर्धवट वाळून तडकले, कारण टँकरचं पाणी माणसांना द्यायचं की स्लॅबला, हा प्रश्न विचारायचीच लाज वाटत होती. मातीच्या कामाला पाणी लागतं ते चिखल तुडवताना. नंतर ती नुसती वाळते.

मग माळवदच चांगलं ना? थांबा. माळवद म्हणजे नक्की काय, ते तुम्ही लहानपणी त्याखाली झोपलेले असलात तरी कदाचित नीट पाहिलेलं नसेल.

खांबावर तुळई (जाड आडवं लाकूड), तुळईवर सरे (त्याहून बारीक आडवी लाकडं), सऱ्यांवर दाटीने लावलेलं किलचन, म्हणजे लाकडाच्या चिपा. त्यावर पाला, बहुतेक कडुलिंबाचा किंवा तरवडाच्या झुडपाचा. कडुलिंब वाळवीला आवडत नाही. पाल्यावर ओल्या मातीचा थर चोपून, आणि सगळ्यात वर पांढरी माती, पन्हाळीकडे जरासा उतार ठेवून. आपल्याकडे गावाचे दोनच भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरीवर माणसं राहतात. काळी माती छतावर टाकली तर ती पावसात फुगते, उन्हात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी तशी फुगत नाही. पाणी पडलं की वरचा पातळ थर मिटतो आणि खालची माती कोरडी राहते. दोन-चार दिवस ऊन पडलं की वरचा थर पुन्हा वाळतो. संपूर्ण युक्ती या "दोन-चार दिवस ऊन" वर उभी आहे. आमच्याकडचा पाऊस पूर्वी असाच यायचा, सरीवर सर, मधे उघडीप. २०२५च्या सप्टेंबरसारखा दिवसेंदिवस झोडपणारा पाऊस या छताच्या हिशेबातच नाही. तुमची भिंत पडली ती बहुधा छतातून मुरलेलं पाणी तिच्या माथ्यात शिरल्यामुळे.

आणि दरवर्षीचं काम. वैशाखात छतावर चढून गवत उपटायचं, उंदराची बिळं बुजवायची, सवण्याच्या (उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकाच्या) कडा नीट करायच्या, जिथे खोलगट झालंय तिथली माती काढून नवी चोपायची. मला हे शिकवलं ते एका म्हाताऱ्या गवंड्याने, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पांढरी निवडताना ते चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. खारट लागली की थुंकायचे आणि म्हणायचे, "ही भिंत खाईल." म्हणजे लोणा लागेल, मातीतलं मीठ वर येऊन भिंत झडेल. मग दाताखाली धरायचे. कचकच किती येते त्यावर वाळू किती ते कळायचं. शेवटी लाडू वळून कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायचे. फुटून भुगा झाला तर चिकणमाती कमी, चपटा होऊन जमिनीला चिकटला तर जास्त, तीन-चार तुकडे झाले तर हसायचे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला मला आठ दिवस लागायचे आणि तो बहुतेक वेळा अण्णांच्याच बाजूने असायचा. दोनदा नव्हता, हेही सांगतो.

तर तुमचा खरा प्रश्न माती की सिमेंट हा नाहीच. पुढची वीस वर्षं वैशाखात त्या छतावर कोण चढणार आहे, हा आहे. तुमचे वडील सत्तरीकडे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आईचे गुडघे दुखतात. तुम्ही पुण्यात. भाऊ गावात असला तरी त्याचं मन त्यात नाही. पारंपरिक कामाची जी पर्यावरणपूरकता आपण वाचतो, त्यातला मोठा वाटा कुणाच्या तरी अंगमेहनतीचा असतो, आणि सारवण-पोताऱ्याच्या बाबतीत ती मेहनत नेहमी घरातल्या बायकांची असते. सेवाग्राममधली १९३६च्या सुमाराची मातीची घरं आज उभी आहेत, कारण त्यांची निगा राखणं हे तिथे कुणाचं तरी ठरलेलं काम आहे. तुमच्या घरात ते काम कुणाचं? याचं उत्तर "बघू" असं असेल, तर निखळ माळवद ठेवू नका. बिन देखभालीच्या माळवदापेक्षा स्लॅब बरा, हे मी लेखी देतो.

पण माळवद आणि स्लॅब यांच्या मधे बरंच काही करता येतं. माझी बहुतेक कामं आता तिथेच असतात.

सगळ्यात आधी लाकूड बघा. तुमच्या घराची किंमत त्या सात खणांत आहे. खांब-तुळयांचा सांगाडा धड असला की छताचा भार तो घेतो आणि भिंती नुसत्या आडोशाला उरतात. भिंत पडून छत जागेवर राहिलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सांगाडा अजून काम करतोय. जुन्या तुळईचा मधला भाग सहसा ठणठणीत असतो. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथे ओल आणि वाळवी दोन्ही पोचतात आणि कुणाला दिसत नाही. प्रत्येक टोकाजवळचे दोन दगड मोकळे करा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून खुपसा. पाव इंचाच्या आत अडला तर निर्धास्त. बोटभर आत गेला तर ते टोक कापून नवं लाकूड जोडावं लागेल किंवा खाली खांब द्यावा लागेल. अर्ध्याहून जास्त तुळया अशा निघाल्या, तर मी स्वतः तुमच्या वडिलांच्या बाजूने जाईन. नवं सागवान घेऊन माळवद करणं आज कुणाला परवडत नाही, आणि जंगलाच्या दृष्टीनेही त्यात काही शहाणपण नाही.

(यात एक उपकथा. जेसीबीवाल्याच्या मागोमाग जुनं लाकूड घेणारा येतो. "पडीक माल आहे, उचलून नेतो" म्हणत खांब, तुळया, चौकटी मिळून जे पैसे देतो, त्याच्या कितीतरी पटीने एकटी चौकट शहरात विकतो. माझ्या एका ग्राहकाने असंच दिलं आणि दोन वर्षांनी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात स्वतःचा दरवाजा ओळखला. उंबऱ्यावर पोरांनी खिळ्याने कोरलेली अक्षरं होती, म्हणून ओळखू आला. पाडायचंच ठरलं तरी लाकूड स्वतः उतरवून ठेवा.)

लाकूड चांगलं निघालं तर छत हलकं करा. सगळी माती उतरवायची, किलचन तपासायचं आणि वर चार ते सहा इंचच परत चढवायची. त्यापेक्षा एक चिमूटही नाही. आता तुम्ही म्हणाल, फूटभर मातीचा गारवा गेला. गेला, काही अंशी. तो परत मिळवायचा उपाय तुमच्याच गावात दहा जणांनी केलेला असेल आणि तुम्ही त्याला नाक मुरडत असाल: माळवदावर पत्र्याचं शेड. पत्रा ऊन आणि पाऊस दोन्ही स्वतःवर घेतो, मधून वारा खेळतो, आणि खालच्या मातीला फक्त गारवा राखायचं काम उरतं. वैशाखातलं चढणंही जवळपास संपतं. आर्किटेक्चरच्या पुस्तकात याला दुहेरी हवेशीर छत म्हणतील. गावाने ते गळतीला कंटाळून शोधून काढलं. मात्र दोन अटी. शेडचे खांब जुन्या भिंतीवर टेकवायचे नाहीत, खाली स्वतंत्र पाया घेऊन न्यायचे, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पत्रा हलला की भिंतीचा माथा उकलतो. आणि पत्रा माळवदापासून निदान अडीच-तीन फूट वर हवा, चारही बाजू मोकळ्या. लोक तिथे कडबा भरून ठेवतात आणि मग वारा कुठून खेळणार?

पडलेली भिंत बांधताना दगड तोच वापरा, पण पद्धत बदला. रुंदी दीड फुटावर आणा. दर दोन फुटांवर उंचीला आणि तीन-चार फुटांवर लांबीला आरपार दगड. लांब दगड मिळत नसेल तर सळई घालून सिमेंटचा ठोकळा जागेवर ओता, तोच काम करतो. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा एक सलग पट्टा, लाकडाचा किंवा काँक्रीटचा, आणि तो कोपऱ्यांवर अजिबात तुटता कामा नये. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. भारतीय मानक १३८२७ मातीच्या घरांसाठी आणि १३८२८ दगड-विटांच्या कच्च्या बांधकामासाठी, दोन्ही १९९३चीच आहेत, आणि त्यात आकृत्यांसकट दिलंय. काम करणाऱ्याला ती दाखवा. "मला माहितेय" म्हणाला तर दुसरा बघा. ज्या भिंती उभ्या आहेत त्यांनाही ओळंबा लावून बघा. कुठे पोट सुटलं असेल तर ती भिंत आतून दुभंगली आहे. तिथे डागडुजी नको, तेवढा भाग उतरवून बांधा.

मला काँक्रीटचा पट्टा चालतो यावर माती-प्रेमी मंडळी माझ्यावर रागावतात. पूर्ण स्लॅबच्या तुलनेत त्याला सिमेंट किती लागतं ते मोजा आणि मग रागवा.

गिलाव्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. मातीच्या सांध्यांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. हे मी स्वतः चुकून शिकलोय. एका शिक्षकांच्या घराला, हौसेने, पक्कं दिसावं म्हणून मी सगळीकडून सिमेंटचा गिलावा करून दिला. पहिला पाऊस छान गेला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या गिलाव्याचा दाराएवढा पापुद्रा एकदम खाली आला, आणि मागची माती हाताने उकरता येईल इतकी मऊ झालेली होती, ओल्या पेंडीसारखी. जमिनीतून वर चढणारी ओल मातीच्या भिंतीतून एरवी बाहेर उडून जाते. सिमेंटने मी तिचं तोंड बंद केलं होतं. त्या घराचा मागचा सोपा (ओसरी) मी पदरमोड करून पुन्हा बांधला. आत मातीचा गिलावा आणि बाहेर चुन्याचा, एवढं पुरतं. मातीत गव्हाचं भुसकट, शेण, आणि चार-पाच दिवस मुरवण. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते असं पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासातून २०१६ साली पुढे आलं. तत्त्व तेच, माती तडकू नये म्हणून तिला धागा द्यायचा.

चुन्याविषयी भाबडं राहू नका. चुनाही चुनखडी भाजूनच होतो आणि भाजताना कार्बन डायऑक्साइड सोडतोच. फरक असा की त्याला ९०० अंशांच्या आसपास भागतं, आणि भिंतीवर लागल्यानंतर तो कडक होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून. सगळा नाही, पण बराचसा. कळीचा चुना आणून निदान तीन आठवडे खड्ड्यात मुरवा. पोत्यातली पांढरी पूड पाण्यात कालवून लगेच लावणाऱ्याला चुन्याचं काम येत नाही असं समजा. गूळ, हिरडा, बेलफळ घालायचं का, हा प्रश्न हल्ली फार येतो. पाण्याचा मारा असलेल्या ठिकाणी गूळ-हिरड्याचा मला फायदा दिसलाय. आतल्या भिंतीत घालणं म्हणजे मुंग्यांना आमंत्रण.

पांढरी माती आणताना एक सांभाळा. गावाजवळच्या जुन्या टेकाडाची किंवा गढीची माती खोदून आणायची आपल्याकडे रीतच आहे. तेरसारख्या गावात, जिथे जुनं तगर होतं आणि रोमपर्यंत व्यापार चालायचा, त्या टेकाडांतून मातीबरोबर खापरं, मणी, नाणी निघत आलीत. म्हणून टेकाड खोदू नका, घराची उतरवलेली जुनी माती तुमच्याकडे ढिगाने पडलीच आहे. चाळा, दगड-मुळं काढा, तीच परत वापरा. तिला लोणा असेल तर मात्र ती अंगणात पसरा आणि नदी-ओढ्याकाठची बघा.

माणसं कुठे मिळतील, असं तुम्ही शेवटी विचारलंय. दगडाला वडार समाजातली जुनी माणसं, लाकडाला गावचा सुतार, गिलाव्याला गावातल्याच बायका. मिळतात, पण तरुण नाहीत. अण्णांचा मुलगा लातुरात फरशी बसवतो आणि बापापेक्षा चांगला कमावतो. त्याने दगड घडवत राहावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ही कामं जातीला बांधलेली होती, ती सुटली हे चांगलंच झालं. तेव्हा कारागिराला "आपली संस्कृती जपा" असं ऐकवू नका, मजुरी नीट द्या. दगडाच्या गवंड्याला फरशीवाल्याएवढा रोज आणि त्याच्या हाताखाली शिकायला दोन पोरं, त्यांचाही रोज तुमच्याकडून. सारवणाला येणाऱ्या बाईला गवंड्याच्या निम्मा रोज द्यायची पद्धत आहे, ती मी माझ्या कामावर बंद केली. काम ठेका देऊन करू नका, रोजाने करा. ठेक्यात आरपार दगड पहिल्यांदा गळतो.

खर्च? माती-दगड तुमचा घरचा, त्यामुळे ऐंशी टक्के पैसा मजुरीत जाईल. लाकूड चांगलं निघालं तर माझ्या अनुभवात नव्या स्लॅबच्या घराच्या निम्म्यापर्यंत भागतं. लाकूड खराब निघालं तर दोन्ही सारखंच, कधी माळवदच महाग. पावसाळ्याआधी तीन-साडेतीन महिने लागतात, म्हणजे संक्रांतीनंतर लगेच हात घालायला हवा. बँक मातीच्या घराला हात आखडते, हे वडिलांचं म्हणणं खरं आहे. डागडुजीसाठी सोनं तारण ठेवलेले ग्राहक मी पाहिलेत.

वडिलांना पटवायचं तर मी काय करतो ते सांगतो. सात खणांपैकी मागचे दोन, जिथे भिंत पडली, तिथे संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर विटा-काँक्रीटचं, वर छोटा स्लॅब. रोजचं पाणी जिथे सांडतं तिथे मातीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. उरलेले पाच खण माती-लाकडाचे, वर शेड. पाहुण्यांना दाखवायला स्लॅबही होतो आणि वैशाखात झोपायला गारवाही. जोड मात्र सैल ठेवायचा, दोन्ही बांधकामांत दोन-तीन इंचाची फट, कारण हादऱ्यात काँक्रीट आणि दगड-माती वेगवेगळी हलतात आणि एकमेकांना धडका देतात.

आता तुमच्याकडून मला तीन फोटो हवेत: पडलेल्या भिंतीचा कापल्यासारखा दिसणारा भाग, समोरून, एका तुळईचं भिंतीतून मोकळं केलेलं टोक, स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेल्या अवस्थेत, आणि छतावरच्या मातीची जाडी, शेजारी टेप धरून. ते येईपर्यंत जेसीबीवाल्याला थांबवा, आणि मागच्या दोन खणांत कुणाला झोपू देऊ नका.